मार्टिनी पाणचट, कोमट किंवा उग्र होतेय? जिन बदलण्याआधी हे तपासा

जिन, ड्राय व्हर्मूथ (वनस्पतींचा अर्क घातलेली, गोड नसलेली वाईन) आणि बर्फ एवढ्यावर उभी राहणारी क्लासिक मार्टिनी घरी करताना जे बिघाड होतात, त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. माझं काम बार काउंटरमागचं. कोल्हापुरात ओळखीच्या घरांतून "मार्टिनी काय जमंना, जरा येऊन बघ की" असा निरोप येतो, तेव्हा मी जाऊन बघतो. बिघाड बहुतेक ठिकाणी तोच निघतो. जिन भारीतली आणलेली असते आणि बाकी सगळं तसंच सोडलेलं असतं. चव बिघडली की लोक आधी जिन बदलतात, म्हणजे सगळ्यात महागडा उपाय सगळ्यात आधी करतात. इथला क्रम उलटा आहे. फुकटात होणारं आधी, जिन शेवटी.

लक्षणं

आधी आपल्या ग्लासात नेमकं काय होतंय ते ओळखा. दोन-तीन लक्षणं एकदम असली तरी हरकत नाही, बऱ्याचदा मूळ एकच असतं.

- पाणचट लागते, जिनचा वास विरलेला.
- पहिला घोट बरा, पण अर्धा ग्लास संपेपर्यंत कोमट आणि उग्र.
- पहिल्या घोटापासूनच घशाला जाळ, अंगाने दाट, औषधासारखी.
- आंबूस, शिळ्या वाईनचा किंवा वाळलेल्या फळाचा वास.
- गोड.
- धुरकट दिसते, वर बर्फाचा चुरा तरंगतो.
- फ्रीजचा वास, मटणाचा, लसणाचा.
- वर तेलाचा तवंग, किंवा मागाहून जिभेवर राहणारा कडवटपणा.

मूळ माप

कशाशी ताडून बघायचं ते ठरलेलं असू द्या. ६० मिली जिन, १५ मिली ड्राय व्हर्मूथ, भरपूर बर्फात अर्धा मिनिट ढवळून, गाळून, गार केलेल्या छोट्या ग्लासात. वरून लिंबाची साल किंवा एक ऑलिव्ह. बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, म्हणजे आयबीएचं, माप ६० ला १० आहे. ६० ला १५ मी सुचवतो कारण १५ म्हणजे छोट्या पेगचा बरोबर अर्धा, आणि नव्या माणसाला व्हर्मूथची चव कळावी लागते.

यात चौथा घटक पाणी. बर्फ वितळून १५ ते २० मिली पाणी पेयात उतरलं पाहिजे. ते कमी पडलं की जाळ होतो, जास्त झालं की पाणचट. वरच्या यादीतली निम्मी लक्षणं या एका पाण्याची आहेत, हे लक्षात ठेवून पुढे चला.

१. आधी तोंड

याला काहीच खर्च नाही, म्हणून पहिलं. गेल्या अर्ध्या तासात काय खाल्लंत? तांबडा रस्सा, सुकं मटण, ठेचा, झणझणीत चाखणा यांतलं काही असेल तर मार्टिनीची परीक्षा आत्ता घेऊ नका. मिरचीतला तिखट घटक आणि अल्कोहोल दोन्ही जिभेवरच्या एकाच रिसेप्टरला चेतवतात, जो एरवी उष्णता ओळखण्याचं काम करतो. तिखटाने तो आधीच पेटलेला असतो, त्यावर तीस टक्क्यांच्या आसपासचं पेय गेलं की चांगली मार्टिनीही रॉकेल वाटते. पाण्याने चूळ भरून भागत नाही, तो घटक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. थोडं दूध किंवा दही खा, थांबा, मग चाखा.

मार्टिनी जेवणाआधीची आहे. आपल्याकडे जेवण तिखट असतं म्हणून हा नियम इथे जास्तच पाळावा लागतो. सोबत खारे शेंगदाणे, भाजलेले काजू, साधं चीज. मसाला शेंगदाणे आणि चकली रस्सावाल्यांसाठी ठेवा.

२. व्हर्मूथच्या बाटलीवरचं लेबल

गोड लागत असेल तर इथेच थांबा, कारण हेच असणार. 'मार्टिनी' हे एका इटालियन व्हर्मूथ कंपनीचंही नाव आहे. बाटलीवर ते मोठ्या अक्षरांत असतं, म्हणून लोक तीच उचलतात. पण त्या नावाखाली लाल रोस्सो मिळतं, फिकट बियांको मिळतं आणि एक्स्ट्रा ड्राय मिळतं. आपल्याला फक्त शेवटचं हवंय. बियांको आणि एक्स्ट्रा ड्राय रंगाने सारखेच दिसतात, फसगत होते ती तिथे. युरोपातल्या नियमाप्रमाणे एक्स्ट्रा ड्राय व्हर्मूथमध्ये लिटरला ३० ग्रॅमपेक्षा कमी साखर असते आणि गोड व्हर्मूथमध्ये १३० ग्रॅम किंवा जास्त. चौपटीहून मोठा फरक आहे, कितीही ढवळलं तरी तो झाकला जात नाही.

आणि ती बाटली नुसती बर्फावर ओतून "मार्टिनी केली" म्हणत असाल, तर ते नुसतं व्हर्मूथ झालं. चवीला छान असतं, पण ही पोस्ट त्याची नाही.

३. ग्लास

"शेवटी शेवटी कोमट होते" ही तक्रार निम्म्या वेळा ग्लासची असते. कपाटातला ग्लास खोलीच्या तापमानाला असतो. उन्हाळ्यात राजारामपुरीतल्या वरच्या मजल्यावर ते तापमान संध्याकाळीसुद्धा तिशीच्या वर. उणे तीनला आणलेलं पेय त्यात ओतलं की ग्लास स्वतः गार होतो आणि पेय तेवढं तापतं. ग्लास फ्रीजरमध्ये किमान अर्धा तास ठेवा. जागा नसेल तर बर्फ आणि पाणी भरून ठेवा, ओतायच्या क्षणी रिकामा करा आणि झटका.

आकारही बघा. दुकानात मिळणारे तिकोनी ग्लास पुष्कळदा अडीचशे मिलीच्या घरातले असतात. आपलं पेय पाण्यासकट होतं ९० ते ९५ मिली. मोठ्या ग्लासात ते तळाशी बसतं, कमी दिसतं, म्हणून माणूस माप वाढवतो, आणि वाढवलेलं संपायच्या आत गरम होतं. १२० मिलीचा ग्लास पुरे. दोघांसाठी एकदम केली असेल तर उरलेली छोट्या काचेच्या भांड्यात, ते भांडं बर्फाच्या वाटीत, आणि थोडी थोडी ओतून प्यायची. चांगल्या बारमध्येही असंच देतात.

ग्लासला एकदा वास घेऊन बघा. भांड्यांच्या साबणाचा किंवा कपाटातल्या डांबरगोळीचा वास काचेला धरतो, आणि मार्टिनीत तो लपवायला ना साखर असते ना सोडा.

४. मोजमाप

अंदाजाने ओतू नका. व्हिस्कीत पाच-दहा मिली इकडेतिकडे झालं तर सोडा सांभाळून घेतो. इथे व्हर्मूथ मुळात १५ मिली, त्यात ५ मिलीची चूक म्हणजे एक तृतीयांश गेलं. पेग मेजर नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लॅस्टिकचं टोपण घ्या. त्यावर ५, १० अशा खुणा असतात आणि त्या बऱ्याच बारच्या पेग मेजरपेक्षा नेमक्या असतात. गरम पाण्याने धुऊन, वास गेल्याची खात्री करून वापरा.

"ड्राय" म्हणजे व्हर्मूथ नको, असा समज पसरलाय. ड्राय म्हणजे गोड नसलेलं, आणि मापाच्या भाषेत व्हर्मूथ कमी. अजिबात नाही असा त्याचा अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या मापांत व्हर्मूथ जिनच्या निम्मं किंवा बरोबरीनेही असायचं, ते पुढे कमी होत गेलं. व्हर्मूथ काढून टाकलं की उरते गार जिन, आणि मग "उग्र लागते" ही तक्रार आपण स्वतःच ओढवून घेतो.

५. जिनची बाटली किती गरम आहे

हा मुद्दा पाककृतींत सहसा नसतो, कारण त्या थंड देशांत लिहिल्या गेल्या. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत याच्यावरच सगळं अडतं.

हिशेब सरळ आहे. पेय गार होतं ते बर्फ वितळल्यामुळे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ जूल उष्णता ओढून घेतो. जिन आणि व्हर्मूथ मिळून ७५ मिली, खोली २० अंशांची असेल, तर ते उणे तीनपर्यंत आणायला साधारण २० ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे २० मिली पाणी, बरोबर हवं तेवढं. तीच बाटली मे महिन्यात ३५ अंशांच्या कपाटातून काढली, तर त्याच थंडाव्यासाठी तीसहून जास्त ग्रॅम बर्फ जातो. पाककृती तीच, हात तोच, पण पेयात दीडपट पाणी. "हिवाळ्यात जमते आणि उन्हाळ्यात पाणचट होते" असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांचं उत्तर हे आहे.

उपाय फुकटचा. मार्टिनी करायच्या आधी तासभर जिनची बाटली फ्रीजच्या दारात ठेवा. फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे. फ्रीजमधली जिन जरा जास्त वेळ ढवळा, चाळीस-पंचेचाळीस सेकंद, म्हणजे पाणी पुरेसं उतरतं.

फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्यांचा बिघाड उलटा असतो. जिन उणे पंधराला, बर्फही तितकाच गार, मग वितळणार काय? पेय दाट, तेलकट वाटणारं आणि घसा जाळणारं होतं. त्यांना वाटतं जिन कडक आहे. जिन ठीकच असते, पाणी उतरलेलं नसतं. जिन फ्रीजरमध्येच ठेवायची असेल तर बर्फ सोडून द्या, ६० मिली जिन, १५ मिली व्हर्मूथ आणि १५ ते २० मिली प्यायचं गार पाणी मोजून एकत्र करा आणि गार ग्लासात ओता. पाहुणे बरेच असतील तर हे सगळं एका बाटलीत आधीच करून फ्रीजरमध्ये ठेवता येतं. फार गार फ्रीजरमध्ये त्यात बारीक खडे धरतात, बाटली पाच मिनिटं बाहेर ठेवली की जातात.

६. बर्फ

इथे वेळ द्या. मी गेलेल्या घरांत सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडला.

वास. ट्रेमधला एक खडा साध्या पाण्यात टाका, वितळू द्या, ते पाणी प्या. हीच परीक्षा. फ्रीजरमध्ये उघडा ट्रे, त्याच्या शेजारी रविवारच्या मटणाची पिशवी, खाली आलं-लसणाची पेस्ट, असं असेल तर बर्फाने ते सगळं ओढलेलं असतं. चहात, सरबतात ते कळत नाही, मार्टिनीत पहिल्या घोटाला कळतं. बर्फ झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आठवड्याहून जुना सरबताला वापरून टाका. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं घ्या. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ झालं की नळाच्या पाण्याचा वास बदलतो, क्लोरीनही जास्त जाणवतं, आणि हे सगळं बर्फात जसंच्या तसं उतरतं.

ओला की कोरडा. फ्रीजरमधून नुकता काढलेला खडा पांढरट दिसतो, कोरड्या बोटाला चिकटतो. पाच-दहा मिनिटं बाहेर राहिलेला चकचकीत दिसतो, हातातून निसटतो. हा दुसरा शून्यावर आलेला, अंगावर पाणी धरलेला बर्फ आहे. भांड्यात पडताक्षणी ते पाणी पेयात जातं, आणि ते पाणी काही गार करत नाही, नुसतं पातळ करतं. बर्फाचं भांडं टेबलावर मांडून गप्पा मारत बसलात की दुसऱ्या फेरीची मार्टिनी पाणचट होणारच. बर्फ ढवळायच्या क्षणी काढा. काढलेला ओला झालाच असेल तर गाळणीत झटकून घ्या.

किती. "चार खडे टाकले" असं ऐकलं की मला उत्तर मिळालेलं असतं. भांडं दोन तृतीयांश बर्फाने भरलं पाहिजे. पाणी कमी व्हावं म्हणून लोक बर्फ कमी टाकतात आणि नेमकं उलटं होतं. फ्रीजरचा बर्फ उणे दहा-पंधराला असतो, तो शून्यावर येईपर्यंत वितळल्याशिवायच थोडी उष्णता खातो. खडे जास्त तर हा साठा जास्त. चार खडे बिचारे भरभर वितळून जातात, पेय गारही होत नाही आणि पाणीही भरपूर.

लादीचा बर्फ. मोठ्या बैठकीसाठी कारखान्यातून लादी आणत असाल तर रंग बघा. खाण्यायोग्य नसलेल्या, माल थंड ठेवायच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. निळसर असेल तर तो बाटल्या गार करायला ठेवा, पेयात नको. पांढरा असला तरी कुठल्या पाण्याचा आहे ते विचारून घ्या. माझं मत विचाराल तर ढवळायला घरचा बर्फ, आणि लादी बाटल्या-ग्लास गार करायला.

लाईट गेली तर. फ्रीजरचं दार उघडू नका. बाहेर जो बर्फ आहे त्यात मूठभर खडेमीठ मिसळा, कुल्फीवाले करतात तसं. मीठ-बर्फाचं मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. त्यात ढवळायचं स्टीलचं भांडं आणि ग्लास बाहेरून रुतवून ठेवा. मीठ आत जाता कामा नये, एवढं सांभाळा.

७. ढवळणं आणि गाळणं

धुरकट दिसत असेल तर तुम्ही शेकरमध्ये हलवताय. सिनेमात हलवलेली दाखवतात आणि हलवलेली कुणाला आवडत असेल तर त्याने जरूर प्यावी, पण हलवल्याने हवेचे बुडबुडे आणि बर्फाचा चुरा आत जातो, पाणी जास्त उतरतं. रस असलेल्या पेयाला ते हवं असतं. मार्टिनी काचेसारखी नितळ आणि घोटाला रेशमी हवी, म्हणून ढवळायची.

खास भांडं लागत नाही. स्टीलचा तांब्या आणि सरबताचा लांब चमचा पुरतो. तांब्या आधी फ्रीजरमध्ये ठेवा. चमचा भांड्याच्या कडेला टेकवून गोल फिरवा, खडे एकत्र सरकले पाहिजेत, एकमेकांवर आपटता कामा नयेत. खळखळाट ऐकू आला तर खडे फुटतायत. तीस सेकंद. भांड्याला बाहेरून दव धरलं की झालं, असं शिकवतात, पण आपल्या पावसाळी हवेत दव पाचव्या सेकंदालाच धरतं, त्यावर जाऊ नका. चमच्याने थेंबभर चाखा. जाळ गेला आणि वास अजून भरलेला आहे, तो क्षण. मग लगेच चहाच्या स्वच्छ गाळणीतून गाळा. ढवळून झाल्यावर फोन घ्यायला गेलात तर भांड्यातला बर्फ तुमची वाट बघत थांबत नाही.

चहाची रोजची गाळणी वापरू नका. चहाचा वास जात नाही. वेगळी ठेवा.

८. उघडलेलं व्हर्मूथ

इथून पुढे पैसे लागू शकतात. आंबूस, शिळा वास येत असेल तर दोष याचाच.

एका घरात गेलो तर व्हर्मूथची बाटली शोकेसमध्ये, टीव्हीच्या वर, पश्चिमेच्या खिडकीसमोर. दिवाळीत उघडलेली, मी गेलो तेव्हा गुढीपाडवा होऊन गेलेला. रंग फिकट पिवळ्याचा गडद सोनेरी झालेला. झाकण उघडलं तर सफरचंद कापून ठेवल्यावर येतो तसा वास. "दादा, दारू काय खराब होत न्हाई न्हवं?" असं वहिनींनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता, कारण जिन, व्हिस्की, रम वर्षानुवर्षं कपाटात राहतात.

व्हर्मूथ मुळात वाईन आहे. त्यात वनस्पतींचा अर्क आणि थोडं स्पिरिट घालून ताकद साधारण १५ ते १८ टक्क्यांवर आणलेली असते. तेवढ्याने ती साध्या वाईनपेक्षा जास्त टिकते, जिनइतकी नाही. बाटली उघडली की आत गेलेली हवा तिला हळूहळू खाते, आणि उष्णतेने ते काम भराभर होतं. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवायची. इथे कुणी म्हणेल, की फ्रान्समधल्या मार्सेयां गावात नॉइली प्रॅट या व्हर्मूथ कंपनीची पिंपं वर्षभर उघड्यावर, उन्हापावसात ठेवतात. खरं आहे, १८१३ साली सुरू झालेल्या त्या घराण्याची ती पद्धतच आहे. पण ती वाईनला मुद्दाम घडवण्याची पायरी आहे, जाणकारांच्या देखरेखीखाली, मिश्रण तयार होण्याआधीची. तयार होऊन बाटलीत आलेल्या आणि उघडलेल्या व्हर्मूथला तो न्याय लागत नाही.

परीक्षा अशी. १५ मिली व्हर्मूथ नुसतं, गार करून चाखा. फुलांचा, वनस्पतींचा ताजा वास आणि मागून थोडा कडवटपणा असेल तर चांगलं आहे. सपाट, व्हिनेगरकडे झुकलेलं किंवा करपट गोड लागलं तर मार्टिनीत घालू नका. जे नुसतं पिववत नाही ते जिनमध्ये मिसळून सुधारत नाही.

नवी बाटली आणलीत तर ती वाया जाऊ नये म्हणून हे करा. क्वार्टरच्या चार रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. ७५० मिलीची बाटली उघडल्या दिवशीच त्यांत गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, तारीख लिहून चिकटवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. १८० मिलीच्या चार म्हणजे ७२०, उरलेल्या ३० मध्ये दोन मार्टिनी त्याच दिवशी. एक बाटली संपेपर्यंत बाकी तिघींत हवाच नसते, त्यामुळे शेवटचीही ताजी निघते. मात्र बाटल्यांवर "व्हर्मूथ" असं ठळक लिहा. पूर्वीचं लेबल तसंच ठेवलं तर घरात घोटाळा होतो.

९. साल आणि ऑलिव्ह

वर तेलाचा तवंग दिसतो तो दोन ठिकाणांहून येतो. ऑलिव्ह तेलात मुरवलेले असतील तर ते मार्टिनीचे नव्हेत, मिठाच्या पाण्यातले आणा. लसूण किंवा मिरची भरलेलेही टाळा. बरणी उघडली की फ्रीजमध्ये, आणि ऑलिव्ह पाण्यात बुडालेले राहिले पाहिजेत. पाण्यावर पांढुरका थर आला की बरणी टाकून द्या. ग्लासात घालण्याआधी ऑलिव्हही गार हवेत.

सालीचं म्हणाल तर आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं. पिवळ्या जाड सालीचं परदेशी लिंबू मिळालं तर ते घ्या, कोमट पाण्याने घासून धुवा, कारण त्यावर मेणाचा थर असू शकतो. नाहीच मिळालं तर कागदी लिंबातलं पूर्ण पिकलेलं, पिवळं, त्यातल्या त्यात टणक निवडा. पीलरने रुपयाएवढी चकती काढा, पांढरा भाग येऊ देऊ नका, मागाहून राहणारा कडवटपणा त्याचाच असतो. चकतीची रंगीत बाजू पेयाकडे करून ग्लासच्या वर चिमटीत दाबा. उजेडासमोर धरलंत तर बारीक फवारा उडालेला दिसतो. तो फवाराच हवाय. लिंबाचा रस एक थेंबही पिळू नका.

१०. आता जिन

वरचं सगळं बरोबर असून चव बसत नसेल, तरच इथे या. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या, संत्र्याच्या चवीच्या जिन टॉनिकसाठी ठीक, या पेयाला नाहीत. लेबलवर लंडन ड्राय लिहिलेली, ज्युनिपरचा (जिनला तिची ओळख देणाऱ्या छोट्या फळाचा) वास पुढे असलेली साधी जिन घ्या. भारतात बनणाऱ्या जिनची ताकद सहसा ४२.८ टक्के असते, ती मार्टिनीला छान पुरते. ग्रेटर दॅनसारख्या भारतीय लंडन ड्राय जिनमध्येही उत्तम मार्टिनी होते, परदेशी बाटलीची गरज नाही. आयात केलेल्या काही बाटल्या ३७.५ किंवा ४० टक्क्यांच्या असतात. त्यांना पाणी कमी सोसतं, म्हणून पाच-सात सेकंद कमी ढवळा.

आणि माप विसरू नका. अशा एका मार्टिनीत २२ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल जातं, म्हणजे १० ग्रॅमचं एक प्रमाण पेय धरलं तर दोन पेयांहून थोडं जास्त. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा आहे. एक मार्टिनी पिऊन रंकाळ्यावर चक्कर मारायची तर पायी जा. महाराष्ट्रात जिनसारख्या कडक दारूसाठी वय २५ पूर्ण आणि पिण्याचा परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

फ्रीजर. बर्फ सकाळी लावून रात्रीपर्यंत धरत नसेल, आइस्क्रीम चमच्याला मऊ लागत असेल, तर मार्टिनीचा प्रश्न फ्रीजरचा आहे. घरी तीनच गोष्टी करा. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा, सहज निसटला तर रबर गेलंय. आत बोटभर बर्फाचा थर असेल तर फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू द्या. मागची जाळी धुळीने भरली असेल तर प्लग काढून ब्रशने साफ करा. त्यानंतरही तेच असेल तर मेकॅनिकला बोलवा. सुरीने किंवा पेचकसाने बर्फ खरवडू नका. फ्रीजरच्या पत्र्यातून गॅसच्या नळ्या जातात, एक भोक पडलं की फ्रीज गेला, आणि आताच्या बऱ्याच फ्रीजमधला गॅस ज्वलनशील असतो.

बाटली. सील सैल आहे, झाकण गोल गोल फिरतंय, उत्पादन शुल्काचं लेबल नाही किंवा फाटून पुन्हा चिकटवलंय, किंमत अशक्य कमी आहे, तर चाखून बघू नका. गोव्याच्या रस्त्याने परवान्याशिवाय येणारी, फक्त तिकडे विकायची बाटली इथे बाळगणं गुन्हा आहेच, शिवाय मधल्या हातांत काय बदललं ते कळायला मार्ग नाही. बनावट दारूतलं मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल वासाने, चवीने किंवा पेटवून ओळखता येत नाही. पेटवून निळी ज्योत बघण्याची युक्ती खोटी आहे. संशय आला तर राज्य उत्पादन शुल्क विभागाला कळवा.

माणूस. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धुरकट दिसणं, डोळ्यांसमोर पांढरं येणं, जोराची पोटदुखी, उलट्या, धाप लागणं यांतलं काही झालं तर हँगओव्हर समजून लिंबूपाणी देत बसू नका. मिथेनॉलचा परिणाम उशिरा दिसतो, आणि दृष्टी वाचवायला तास महत्त्वाचे असतात. १०८ ला फोन करा किंवा सरकारी रुग्णालयात न्या, कोल्हापुरात असाल तर सीपीआरमध्ये. सोबत प्यायलेले बाकीचे बरे वाटत असले तरी त्यांनाही न्या. आणि उरलेली बाटली ओतून टाकू नका, डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.